जनुकीय कात्री नेमक्या पेशीपुरती कशी रोखतात?

पेठ तालुक्यात शिक्षक असलेल्या एका सरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "भाचा चौदा वर्षांचा आहे. सिकलसेल, एसएस पॅटर्न (दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेलं). जीन एडिटिंगने हा आजार बरा होतो असं वाचलं. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो ना? मग ही कात्री फक्त रक्ताच्या पेशीतच चालेल याची खात्री कोण देणार? मेंदूत चालली तर? पुढच्या पिढीत गेलं तर? आणि आम्ही या उपचारासाठी थांबावं का?"

सर, नाशिकमध्ये रक्तविकारांच्या जनुकीय तपासण्या आणि कुटुंबांचं समुपदेशन हे माझं रोजचं काम. त्याआधीची बरीच वर्षं प्रयोगशाळेत, पेशींमध्ये जनुकं पोचवण्याच्या कामात गेली. तुमची शंका या क्षेत्रातली सगळ्यात मूलभूत शंका आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कात्री म्हणजे काय ते. जीन एडिटिंगच्या ज्या तंत्राला आपण कात्री म्हणतो त्याचं नाव क्रिस्पर, आणि त्यात दोन भाग असतात. कॅस९ नावाचं प्रथिन कापतं, आणि सुमारे २० अक्षरांचा गाइड आरएनए त्याला कुठे कापायचं ते दाखवतो. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिये यांनी ही जोडी हवी तशी वळवता येते हे दाखवलं, त्याबद्दल त्यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गाइडला फक्त डीएनएची अक्षरं ओळखता येतात. आपण यकृताच्या पेशीत आहोत की मेंदूच्या, हे त्याला कळत नाही. ती अक्षरं तर सगळ्या पेशींत सारखीच असतात. म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर आहे: नुसत्या कात्रीत पेशी निवडण्याची सोय नाही, ती बाहेरून घालावी लागते.

ती घालण्याच्या जागा तीन. कात्री कोणत्या पेशीत पोचते ही पहिली. पोचल्यावर कोणत्या पेशीत चालू होते ही दुसरी. आणि कापल्यावर त्या कापाचा परिणाम कोणत्या पेशीत होतो ही तिसरी. बातम्यांत बहुतेक वेळा पहिलीबद्दलच लिहिलेलं असतं. माझ्या मते तिसरी जागा सगळ्यात भक्कम आहे, आणि सिकलसेलच्या बाबतीत नशिबाने तीच आपल्या हाताशी आली आहे.

आजच्या मान्यताप्राप्त उपचारापासून सुरुवात करू. त्याचं नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये १२ वर्षांवरच्या सिकलसेल रुग्णांसाठी त्याला परवानगी दिली. यात कात्री रुग्णाच्या शरीरात सोडतच नाहीत. प्लेरिक्साफॉर नावाचं इंजेक्शन देऊन अस्थिमज्जेतल्या रक्ताच्या मूळपेशी रक्तप्रवाहात उतरवतात, मशीनने वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत नेतात. तिथे विजेचा क्षणभर झटका दिला की पेशीच्या आवरणाला तात्पुरती छिद्रं पडतात आणि तयार कॅस९ प्रथिन व गाइड आत शिरतात. हे प्रथिन पेशीत टिकत नाही, थोड्याच दिवसांत त्याचे तुकडे होऊन जातात. त्यानंतर पेशींची तपासणी होते, त्या गोठवून ठेवतात, आणि पुढे कधीतरी रुग्णाला शिरेतून परत देतात. तोपर्यंत कात्री उरलेलीच नसते. म्हणजे मेंदू, यकृत, अंडकोष यांची आणि कात्रीची कधी गाठच पडत नाही. "पेशी निवडायच्या कशा" या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खात्रीचं उत्तर हेच आहे: हव्या त्या पेशी बाहेर काढा, बाहेरच बदला.

आता तिसऱ्या जागेकडे येतो, कारण इथलं विज्ञान खरोखर सुंदर आहे. बाहेर काढलेल्या त्या मूळपेशीपासून फक्त तांबड्या पेशी होत नाहीत. पांढऱ्या पेशी होतात, प्लेटलेट होतात, रोगप्रतिकारक पेशीही होतात. मूळपेशीत केलेला काप या सगळ्या वंशावळीत उतरतो. मग तो फक्त तांबड्या पेशींवरच परिणाम कसा करतो?

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिन जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. ए च्या जागी टी येतो, आणि त्यामुळे प्रथिनातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. पण आईच्या पोटात असताना बाळ वेगळंच हिमोग्लोबिन वापरत असतं, त्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. त्यात बीटा साखळी नसतेच, म्हणून एसएस बाळालाही पहिले काही महिने त्रास होत नाही. जन्मानंतर हे एफ बंद करणारं मुख्य प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. ते काढलं तर एफ पुन्हा सुरू होईल आणि पेशी विळ्यासारख्या वाकणार नाहीत. पण बीसीएल११ए मेंदूच्या वाढीला लागतं, बी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) तयार व्हायलाही लागतं. ज्या मुलांत जन्मतः या जनुकाची एक प्रत निकामी असते त्यांच्यात बौद्धिक वाढ खुंटलेली दिसते. मूळपेशीत हे जनुक सरसकट मोडणं म्हणजे तांबड्या पेशी दुरुस्त करताना रोगप्रतिकारशक्ती बिघडवणं.

२०१३ मध्ये बॉस्टनमधल्या डॅनियल बाउअर आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने यातून वाट काढली. बीसीएल११ए जनुकाच्या पोटातच, प्रथिनाचा कोड नसलेल्या भागात, एक एन्हान्सर आहे. एन्हान्सर म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यावर विशिष्ट प्रथिनं येऊन बसली की जनुकाचा वेग वाढतो. हा एन्हान्सर फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत वापरला जातो. बी लिम्फोसाइट आणि मेंदूच्या पेशी तेच जनुक चालवायला दुसरे तुकडे वापरतात. कॅसजेव्हीची कात्री या एन्हान्सरमध्ये, गाटा१ हे प्रथिन जिथे येऊन बसतं नेमकी ती जागा मोडते. काप सगळ्या वंशावळीत जातो, पण लिम्फोसाइटमध्ये त्या जागेला कोणी विचारतच नसल्याने तिथे काही बिघडत नाही. म्हणजे पेशीची निवड इथे कात्रीने केलेली नाही. कुठे कापायचं हे ठरवतानाच ती झाली आहे.

यामुळेच मी तिसरी जागा भक्कम म्हणतो. पहिल्या दोन ठिकाणी चूक झाली तरी हा पहारा उरतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत, पुरेसा काळ पाहता आलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र क्रायसिस (वेदनांचा झटका) आला नाही. ज्यांनी सिकलसेलचा क्रायसिस जवळून पाहिला आहे, रात्रभर तळमळणारं मूल पाहिलं आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, आणि तुमच्या "पुढच्या पिढी"च्या प्रश्नाचा खरा धागा तिथेच आहे. दुरुस्त पेशींना अस्थिमज्जेत जागा मिळावी म्हणून आधीच्या पेशी बुसल्फान या औषधाने नष्ट कराव्या लागतात. ही केमोथेरपीच आहे. तिने वंध्यत्व येऊ शकतं. कात्रीने वीर्यपेशीत बदल होण्याची भीती या पद्धतीत नाही, पण बुसल्फानचा धोका खरा आहे आणि त्यावर बोलायला लोक संकोचतात. वयात आलेल्या मुलाचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा.

बुसल्फान टाळायचं तर कात्री थेट शरीरात द्यावी लागेल, आणि तिथे पहिली जागा, पोचवण्याची, कसोटीला लागते. आज यात यकृत सगळ्यात सोपं आहे. कात्रीचा एमआरएनए (प्रथिन कसं बनवायचं याचा तात्पुरता निरोप) चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिला की रक्तातलं एपोई हे प्रथिन त्या कणांवर चिकटतं, आणि यकृताच्या पेशी आपल्या एलडीएल रिसेप्टरने त्यांना कोलेस्टेरॉलच्या कणांसारखं आत ओढतात. २०२१ मध्ये ट्रान्सथायरेटिन अमिलॉइडोसिस (यात ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन बिघडून अवयवांत साचतं) या आजाराच्या रुग्णांत हे पहिल्यांदा दिसलं. एका सलाइननंतर महिन्याभरात, जास्त डोस घेतलेल्यांच्या रक्तातलं ट्रान्सथायरेटिन सरासरी ८७ टक्क्यांनी घटलं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात युरिया सायकलचा (शरीरातला अमोनिया निकामी करणाऱ्या प्रक्रियेचा) दुर्मीळ दोष घेऊन जन्मलेल्या एका बाळासाठी खास त्याच्याच चुकीवर बेतलेली औषधमात्रा तयार करून यकृतात पोचवली गेली. तीत डीएनएचे दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलणारं संपादक वापरलं होतं.

मात्र इथे यकृताची निवड आपण केलेली नाही, शरीराच्या स्वभावाने ती आयती मिळाली आहे. थोडे कण प्लीहेत आणि इतरत्रही जातात. यकृत सोडून दुसरीकडे जायचं म्हटलं की तोच स्वभाव आडवा येतो, कारण शिरेतून दिलेलं जवळपास सगळं आधी यकृतच उचलतं. २०२० मध्ये टेक्सासच्या डॅनियल सीगवॉर्ट यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की कणांच्या मिश्रणात भारित चरबी ठरावीक प्रमाणात घातली तर ते फुप्फुसाकडे किंवा प्लीहेकडे वळवता येतात. दुसरा मार्ग कणांवर अँटिबॉडी बसवण्याचा. हव्या त्या पेशीच्या आवरणावर एखादं खास प्रथिन असेल तर अँटिबॉडी तिथेच जाऊन चिकटते.

सिकलसेलसाठी हे फार महत्त्वाचं आहे. रक्ताच्या मूळपेशींवर सीडी११७ हे प्रथिन असतं. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी सीडी११७ ची अँटिबॉडी लावलेले कण वापरून उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपर्यंत एमआरएनए थेट पोचवला. हे माणसात साधलं तर केमोथेरपी नको, महिनोन्महिने इस्पितळ नको. सुरगाण्याच्या किंवा कळवणच्या ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावून सिकलसेलवर उपचार होण्याचा रस्ता असलाच तर तो हा आहे, आणि म्हणून मला या कामाबद्दल मनापासून आस्था आहे.

पण सीडी११७ फक्त रक्ताच्या मूळपेशींवर नसतं. मास्ट पेशींवर असतं, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर असतं, आणि बीजपेशींवरही (ज्यांपासून वीर्यपेशी आणि स्त्रीबीज बनतात) असतं. सर, तुमची "पुढच्या पिढी"ची भीती इथे अगदी रास्त ठरते. म्हणून अशा प्रत्येक औषधाला, बीजपेशींत बदल झालेला नाही, हे प्राण्यांमध्ये तपासून दाखवावं लागतं. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१९ च्या जनुकोपचारविषयक मार्गदर्शक सूचनांत बीजपेशींचं संपादन स्पष्टपणे निषिद्ध आहे. पत्ता एकच असणं पुरेसं नाही, हे सीडी११७ वरून नीट कळतं. पोचल्यावरही आपण कुठे आहोत हे कात्रीला कळायला हवं. ही दुसरी जागा.

तिथे सगळ्यात जुनं साधन प्रमोटर. जनुकाच्या सुरुवातीचा हा तुकडा ते कधी चालू व्हावं हे ठरवतो. कात्रीच्या जनुकापुढे यकृताचा प्रमोटर लावला तर ती यकृतात बनेल, स्नायूंचा लावला तर स्नायूंत. माणसात याचं चांगलं उदाहरण डोळ्यात आहे. सीईपी२९० जनुकातल्या दोषामुळे लहानपणीच दृष्टी जाणाऱ्यांसाठी कात्री एका निरुपद्रवी विषाणूत भरून थेट दृष्टिपटलाखाली टोचली गेली, आणि तिच्यापुढे प्रकाशसंवेदी पेशींतच चालणारा जीआरके१ प्रमोटर लावला होता. टोचण्याची जागाही निवडलेली आणि चालू होण्याची पेशीही निवडलेली, असा दुहेरी बंदोबस्त. २०२४ च्या निकालांत १४ पैकी ११ जणांमध्ये एखाद्या तरी मोजमापात सुधारणा दिसली.

प्रयोगशाळेत मात्र प्रमोटरवर एकट्याने विसंबणं मला कधीच पटलं नाही. एक कारण तांत्रिक आहे. गाइड आरएनए बनवायला सहसा यू६ प्रमोटर वापरतात आणि तो सगळ्याच पेशींत चालतो, त्यामुळे निवडीचा सगळा भार कॅस९ वर येतो. शिवाय विषाणूत जागा फार कमी. जनुकं पोचवायला नेहमी वापरतात त्या एएव्ही विषाणूमध्ये सुमारे ४.७ हजार अक्षरं मावतात, आणि नेहमीच्या कॅस९ चं जनुकच सुमारे ४.१ हजारांचं. मग लांब आणि नेमका प्रमोटर बसत नाही, आखूड आणि ढिला बसवावा लागतो.

दुसरं कारण जास्त गंभीर. साध्या जनुकोपचारात चुकीच्या पेशीत प्रमोटर एक टक्का गळला तर तिथे एक टक्का प्रथिन बनतं, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काही बिघडत नाही. कात्रीचं तसं नाही. काप कायमचा असतो. पेशीत कॅस९ ची मोजकीच प्रथिनं असली तरी महिनोन्महिने असली तर कधी ना कधी ती कापणारच, आणि एकदा कापलं की कापलं. गळका नळ थेंबाथेंबाने गळतो, पण सकाळी बादली भरलेली असते. एएव्हीमधून दिलेलं जनुक पेशीत वर्षानुवर्षं राहू शकतं, म्हणजे बादली भरायला वेळ भरपूर. म्हणून संपादनात "मंद" उपयोगाचं नाही, "बंद" म्हणजे पूर्ण बंद लागतं. आणि म्हणूनच मी नेहमी विचारतो की कात्री पेशीत किती वेळ राहते. एमआरएनए किंवा तयार प्रथिन काही दिवसांत संपतं. पेशी चुकण्याचा धोका नुसता वेळ कमी करूनही बराच खाली येतो.

पूर्ण बंद करण्यासाठी आता पेशीचीच भाषा वापरतात. प्रत्येक प्रकारच्या पेशीत काही मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे, भरपूर असतात. ते जुळणारा एमआरएनए पकडून त्याचं प्रथिन होऊ देत नाहीत. याच शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. यकृताच्या पेशीत एमआयआर-१२२ विपुल असतं, इतर पेशींत जवळपास नसतं. कात्रीच्या एमआरएनएच्या शेपटीला एमआयआर-१२२ च्या जुळणीचे तुकडे जोडले तर यकृतात ती कात्री बनणारच नाही. यकृत सोडून दुसरीकडे काम करायचं असेल तेव्हा हे फार उपयोगी.

उलट फक्त यकृतातच चालवायची असेल तर? त्यासाठी लागणारी वस्तू निसर्गात तयारच होती. जिवाणू विषाणूंशी लढायला क्रिस्पर वापरतात, तर त्या विषाणूंनी क्रिस्परला रोखणारी प्रथिनं बनवली आहेत, त्यांना अँटी-क्रिस्पर म्हणतात. २०१९ मध्ये जर्मनीतल्या डॉमिनिक नीओपेक यांच्या आणि अमेरिकेतल्या एरिक सोंथाइमर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती मांडली. कात्रीबरोबर तिचा ब्रेकही द्यायचा, आणि एमआयआर-१२२ चे तुकडे ब्रेकच्या एमआरएनएला जोडायचे. यकृतात मायक्रोआरएनए ब्रेक नष्ट करतो आणि कात्री मोकळी होते. बाकी सगळीकडे ब्रेक शाबूत, कात्री जखडलेली. सोंथाइमर यांच्या गटाने हे जिवंत उंदरांतही करून दाखवलं. मला ही रचना फार आवडते, कारण इथे शंका आली की उत्तर "कापू नको" असं असतं. अनोळखी पेशीत गेली तरी कात्री आपोआप बंदच राहते. ब्रेक पुरेसा बनला पाहिजे आणि कात्रीइतका टिकला पाहिजे, ही यातली अडचण. आरएनए ओळखून चालू होणाऱ्या आणखी काही कळा २०२२ पासून प्रयोगशाळांत तयार झाल्या आहेत, पण रुग्णापर्यंत यायला त्यांना वेळ आहे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, थांबावं का? माझं उत्तर: वाट जरूर पाहा, पण हातावर हात ठेवून नको. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे आपल्या विचाराच्या पलीकडची. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने "बिरसा १०१" ही सिकलसेलसाठीची देशी क्रिस्पर उपचारपद्धती जाहीर केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर ती पुढे न्यायचं ठरलं. याचा मला अतिशय आनंद आहे, पण जाहीर होणं आणि दवाखान्यात मिळणं यांत रुग्णांवरच्या चाचण्यांचा मोठा टप्पा असतो.

तोवर भाच्याची हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू आहे का ते पाहा. तीही हिमोग्लोबिन एफ वाढवूनच काम करते, म्हणजे कात्रीने जे कायमचं साधायचं तेच रोजच्या गोळीने काही अंशी साधतं. डोस आणि रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ताप आला तर घरी वाट पाहू नका. सख्खी भावंडं असतील तर त्यांची एचएलए तपासणी (अस्थिमज्जा जुळते का ते पाहणारी) करा. प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि भावंड एएस म्हणजे वाहक असलं तरी अस्थिमज्जा देऊ शकतं. जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण हा आज भारतात उपलब्ध असलेला पूर्ण बरा करणारा उपचार आहे, आणि तो लहान वयात जास्त चांगला लागू पडतो. त्यातही केमो असते, म्हणून वीर्य गोठवण्याबद्दल वर लिहिलेलं इथेही लागू आहे.

उद्या कुणी चाचणीत सहभागी व्हायला सांगितलं तर सही करण्याआधी एवढं विचारा: कात्री शरीराबाहेर वापरणार की आत? आत देणार असाल तर ती किती दिवस टिकते आणि आणखी कोणत्या अवयवांत सापडली? बीजपेशी तपासल्या का, आणि किती बारकाईने? हजारात एखादा बदल पकडण्याइतकी ती तपासणी नेमकी आहे का? आणि पुढे किती वर्षं मुलाकडे लक्ष ठेवणार? अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए अशा उपचारांनंतर १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा सुचवतं, तेवढा इथेही मागा. भाच्याच्या शेवटच्या एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर हिमोग्लोबिन एफची टक्केवारी लिहिलेली असेल. ती, आणि वर्षभरात किती वेळा इस्पितळात न्यावं लागलं ते कळवा, म्हणजे प्रत्यारोपणाचा विचार आता करायचा की नंतर, यावर नेमकं बोलता येईल.